न ओळखलेली खिरापत

माय, तुझ्याशी मी या भाषेत कधी बोलले नाही. ही शाळेत शिकलेली भाषा. तू असतीस तर दोन वाक्यं ऐकून म्हणाली असतीस, "मास्तरीनबाई, घरमा आसं बोलू नको." पण लिहायला बसले की हीच येते. तुझी भाषा मला ऐकू येते, पण लिहायला गेले की हात थांबतो. म्हणून तू जे बोललीस ते तुझ्याच शब्दांत लिहीन आणि बाकीचं या भाषेत. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तक्रार करणारं कोणी नाही.

मी नंदुरबारला राहते, स्टेशनच्या बाजूला, एका वकिलाच्या घरामागच्या दोन खोल्यांत. मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. भादव्याची पुनव झाली की इथल्या पोरीसुद्धा गुलाबाईची मूर्ती बसवतात आणि कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला घरोघर गाणी म्हणत फिरतात. पण इथल्या तऱ्हा तुला पटल्या नसत्या. वकिलांच्या ओळीत एखादंच गाणं होतं, मग मोलकरीण बाहेर येऊन बत्तासे वाटते आणि दार लागतं. रेल्वेच्या चाळीत कुठकुठली बिऱ्हाडं आहेत. तिथल्या बायकांना हे काय चाललंय ते ठाऊक नसतं, तरी दारात पोरी उभ्या आहेत म्हणून हाताला लागेल ते देतात. एकीनं कच्चा बटाटा दिला होता. पोरींनी तोही घेतला. बाजारामागच्या जुन्या गल्लीत मात्र अजून बाई डबा हलवून दाखवते, पोरी ओळखतात, आणि ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. शाळेतून येताना मी त्या गल्लीतून येते. वळसा पडतो.

आपल्या गावातही गल्लीगल्लीचा रिवाज वेगळा होता. पाटलांच्या ओसरीवर सतरंजी असे आणि खिरापत पुष्कळ असे, पण पाटलीणबाईंना खेळाचा कंटाळा. "गोड शे, पांढरं शे, वाटोळं शे," असं त्या स्वतःच सांगून टाकत. सुताराची बायको अर्ध्या उघड्या दारातून डबा वाजवायची आणि आम्ही चुकलो की आत जाऊन हसायची. कुळकर्ण्यांकडे अंगणात उभं राहायचं. ओंजळीत वरून पडायचं. नाल्यापलीकडे भिलांच्या वस्तीत, भिलाटीत, गुलाबाई नव्हती. तिथल्या बाया होळी झाली की रस्ता अडवून फाग मागत, आणि दिल्याशिवाय बैलगाडीसुद्धा पुढे जाऊ देत नसत. तू त्यांच्यासाठी गूळ आधीच काढून ठेवायचीस. आणि नाल्यापलीकडच्याच गुजर गल्लीत, जिथली माणसं आपसात गुजरातीच्या वळणाचं बोलत आणि आपल्याशी आपल्यासारखं, नवरात्रात पोरी भोकं पाडलेला मातीचा घडा डोक्यावर घेऊन निघत. घड्यात दिवा. घराघरांतून त्या दिव्यात तेल घालून घेत. त्या आपल्या गल्लीत येत नसत, आपण त्यांच्या गल्लीत जात नसू. भांडण नव्हतं. रिवाज संपायचा तिथं गल्ली संपायची, एवढंच.

आपल्या गल्लीत तुझी खिरापत सगळ्यांत अवघड. तू ती फडक्यात बांधून डब्यात ठेवायचीस, म्हणजे आवाज येत नसे. नाहीतर मुद्दाम चार फुटाणे सुटे टाकायचीस, म्हणजे आवाज खोटा येई. मोहाची वाळलेली फुलं तिळांबरोबर भाजायचीस. चिंचोके भाजून, सोलून, मीठ लावायचीस. पोरी दमायच्या. आक्का मात्र हरत नसे. ती माझी थोरली बहीण, त्या घोळक्याची पुढारी. आधी ती तोंडाला येईल ते बोलायची.

"सरकी!"

"सरकी काय वं, तू म्हैस शे का?"

"मंग सारंगखेडाना घोडास्ना हरबरा!"

"तुन्हा सासरा दी तुले घोडा. नीट सांग."

तू हसून डबा खाली ठेवायचीस. मग ती पुढे सरकून झाकणाला कान लावायची. हलवायची नाही. डोळे मिटून बसायची, आत कोणी बोलत असल्यासारखी. आणि मग हळूच सांगायची. ते बरोबर असे. दरवेळी तुझा चेहरा थोडा पडायचा आणि लगेच उजळायचा. हे दोन्ही मी तिच्या मागे बसून पाहिलेलं आहे.

मानमोडीच्या साथीच्या वर्षी ताप गुलाबाईबरोबरच गावात आला. तापीच्या काठावरचा धूर दिवसभर दिसतो आहे, रडणं एका घरात थांबतं आणि दुसऱ्या घरात सुरू होतं, आणि पोरी एकेक करून खेळायला यायच्या बंद झाल्या आहेत. आपल्या घरी खेळ चालू राहिला तो आक्काच्या हट्टानं. तिची खाट तू चुलीजवळ आणली होतीस. त्या संध्याकाळी तू खिरापत केलीस, डबा घेऊन खाटेच्या काठावर बसलीस आणि तिच्या कानाशी नेलास. तिच्या श्वासाचाच आवाज इतका होता की डब्याचं काही ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, "थांब वं माय. मी वळखस." तू थांबलीस. मी दाराशी बसल्या बसल्या झोपले. सकाळी खाट अंगणात होती आणि बायका तुला धरून बसल्या होत्या. डबा मी नंतर पाहिला. तो घासून पालथा घातलेला होता. आत काय होतं ते मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस.

त्या वर्षीच्या कोजागिरीला गुलाबाई पाण्यात सोडायला कोणी उरलं नव्हतं. आपली कोनाड्यातच राहिली. वर्षभर तिच्यावर चुलीचा धूर बसला. पुढच्या भादव्यात कुंभार नव्या मूर्ती घेऊन दारोदार आला तेव्हा तू त्याला परत पाठवलंस. "आपली बसेलच शे," म्हणालीस.

उरलेल्या पोरी पुन्हा गोळा झाल्या. मी त्यांच्याबरोबर जात असे. पाटलांकडे, सुतारांकडे, कुळकर्ण्यांच्या अंगणात. सगळीकडे गाणी होत, सगळीकडे आम्ही ओळखत असू. आपलं घर आलं की घोळका नाल्याच्या बाजूनं सरके. चालता चालता रस्ताच तसा वळल्यासारखं होई. मी एकटी पायरी चढायची. कारण मला विहिरीवर कळलं. शेजारची काकू कोणाशी तरी बोलत होती आणि मी कठड्याच्या या बाजूला होते.

"तिन्हा खेळ आरधा ऱ्हायना ना. कोजागिरीना आगोदर गयी ती."

"मंग?"

"मंग काय! ती तठेच शे. गुलाबाई बी तठेच शे. माय रोज डबा भरस, कोनासाठे भरस?"

"हाई पोर ऐकी ऱ्हायनी ना वं."

"ऐकू दे. तिले काय ठाऊक नही का?"

काकूचा मुलगाही मानमोडीतच गेला होता. तिचा मला राग आला नाही. त्याच संध्याकाळी तिनं मला इतरांपेक्षा जास्त खिरापत दिली आणि डोक्यावरून हात फिरवला. पण स्वतःच्या मुलीचा हात तिनं सोडला नाही.

तिला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. मी घरी येते तेव्हा तू चुलीजवळ बसलेली असतेस. खाट पुन्हा तिथंच आहे, रिकामी, वाकळ घातलेली. पदराखाली डबा आहे. मी कोनाड्यापुढे एकटीच गाणी म्हणते. एकटीच्या आवाजात ती गाणी फार लवकर संपतात. मग तू डबा बाहेर काढतेस आणि हलवतेस. माझ्याकडे नाही. खाटेकडे.

"वळख."

पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं. तू मान न वळवता म्हणालीस, "तू गप. तिले वळखु दे."

आपण थांबलो. लाकूड जळून खाली बसल्याचा आवाज झाला. आक्काला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गेला. मग तू जरा हसलीस आणि म्हणालीस, "नही. सरकी नही."

पुन्हा तेवढाच वेळ. "घोडास्ना हरबरा बी नही. नीट सांग."

मी खाटेकडे पाहिलं. वाकळीवर चुलीचा उजेड हलत होता. मला भीती वाटली असं आता लिहिणं सोपं आहे. तेव्हा जे वाटलं ते भीतीच्या शेजारचं होतं. ती बोलली आणि तुला ऐकू आलं, मला नाही, असं मला वाटलं. माझ्या कानातच काही कमी आहे असं वाटलं. मी खाटेच्या आणखी जवळ जाऊन बसले.

असं रोज झालं. चुकीची उत्तरं येत राहिली. ती तुला पाठ होती. बरोबर उत्तर आलं नाही. ते तुला तिच्या तोंडी घालता येत नव्हतं, की घालायचं नव्हतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. शेवटी तू उठायचीस, डबा तसाच उचलून गोठ्यात जायचीस आणि गाईपुढे रिकामा करायचीस. मला त्यातलं कधी दिलं नाहीस. मी मागितलंही नाही.

एकदा मी धीर केला. तू डबा हलवलास, थांबलीस, आणि मी आक्कासारखा आवाज काढून ओरडले, "सारंगखेडाना घोडास्ना हरबरा!" तू हसलीस. खरं हसलीस, पूर्वीसारखी, डबा खाली ठेवून. मग मान वळवलीस आणि पाहिलंस की मी आहे. मला वाटलं, आता मारशील. तू मारलं नाहीस. अगदी हळू म्हणालीस, "तिन्हा आवाज काढू नको. ती घाबरी जाई."

मुलींना कडक बोलायचं झालं की मी वर्गात आवाज चढवते. त्या दिवशीच्या तुझ्या आवाजासारखं काही मला जमलेलं नाही.

नवरात्र बसलं. कोजागिरी जवळ येऊ लागली तशी गल्ली अस्वस्थ झाली. गुलाबाई माहेरी आलेली लेक. दिवस भरले की मैत्रिणींनी तिला वाटेला लावायचं. मागच्या वर्षी ती गेली नाही. या वर्षीही नाही गेली तर पोर गेली त्या घरातून पुन्हा पोर जाईल, असं बायका म्हणू लागल्या. त्या घरात उरलेली पोर मीच होते. काकू एकदा पायरीशी आली, वर चढली नाही, आणि तुला सरळ म्हणाली, "आवंदा तरी धाड वं तिले. दुसरी पोर शे तुले."

तू म्हणालीस, "धाडसू. पोरी कोठे शेत?"

काकूनं मान खाली घातली. तुम्ही दोघीही खरं बोलत होतात. पोरींशिवाय ती जाऊ शकत नव्हती, आणि ती जाईपर्यंत पोरी येऊ शकत नव्हत्या. मी दुसऱ्या दिवशी एकेकीच्या घरी गेले. "आमना घर ये ना," म्हणाले. एकीनं पोट दुखतं म्हणून सांगितलं. एकीच्या आईनं दारातूनच माझ्या हातावर गूळ ठेवला, जणू मी भीक मागायला आले होते. तो मी नाल्यात टाकला.

आणि मग गुजर गल्लीतल्या पोरी आल्या. त्या यायला नको होत्या, रिवाजच नव्हता. पण मानमोडीत त्यांच्याकडचीही दारं बंद झाली होती, उरलेल्या घरांचं तेल दिव्याला पुरत नव्हतं, म्हणून त्यांच्यातल्या कोणा म्हातारीनं त्यांना पुढे धाडलं. नाला ओलांडला की पहिलं घर आपलं. त्यांना आपल्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

दिवेलागण झालेली आहे. तू डबा हलवून खाटेकडे पाहत बसली आहेस. बाहेर गाणं सुरू होतं, अनोळखी चालीचं. तुझा हात थांबतो. भिंतीवर उजेडाचे ठिपके येतात, कोनाड्यावरून सरकतात, खाटेवर जातात, वाकळीवर पसरतात. तू त्यांच्याकडे बघतेस. मला वाटतं तू तेव्हा क्षणभर खात्रीनं समजलीस की ती आली. मग दारातून आवाज येतो.

"मावशी, दिवामा तेल टाक ना वं."

घडा डोक्यावर घेतलेली थोरली पोर दारात उभी होती. मागे तीन-चार. सगळ्यांत लहान होती तिचं नाक वाहत होतं आणि परकर एका हातानं धरलेला होता. तू उठलीस, पण तेलाच्या बुधलीकडे गेली नाहीस. डबा घेऊन दारात गेलीस आणि तो हलवलास.

"वळखा."

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "काय वळखानं, मावशी?"

"आत काय शे ते."

"आमले काय माहीत? उघाडी दखाड ना."

"वळखा-बिगर उघाडतस नही."

थोरली गोंधळली. तिला तेल हवं होतं. पण धाकटी पुढे आली, डब्याच्या झाकणाला हात घातला आणि ते ओढलं. मी ओरडले, "नको!" झाकण पायरीवर पडून वाजत खाली गेलं. तोवर तिनं मूठ भरून तोंडात घातली होती. तिच्या चावण्याचा आवाज ऐकू येत होता.

"केळं शे," ती म्हणाली. "वाळेल केळं. गूळ लायेल. मन्ही माय बी करस." आणि हात पुढे केला. "आजून दे."

तू मागे वळून खाटेकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. ठिपके अजून वाकळीवर होते, घडा डोक्यावर हलत होता म्हणून तेही हलत होते. मग तू खाली बसलीस, धाकटीच्या उंचीला आलीस, आणि डबा तिच्यापुढे धरलास.

"वळखं तू," म्हणालीस. "खा. सगळं खा. खेळ व्हयना."

"मी काही वळखं नही, मावशी," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "मी खादं."

तू हसलीस. हसता हसता पदर तोंडाला लावलास आणि मग तो खाली आला तेव्हा तोंड ओलं होतं, पण हसणं तसंच होतं. तू बुधली आणलीस आणि इतकं तेल ओतलंस की थोरली ओरडू लागली, "बस, बस, मावशी, दिवा बुडी जाई!" मग तू कोनाड्यातून गुलाबाई काढलीस. धुरानं ती काळी झाली होती. ती धाकटीच्या हातात दिलीस. त्यांचा घडा नवरात्र संपलं की तापीत जायचा होता.

"हाई बी ली जा. तुम्हना घडासंगे सोडी द्या."

शेजारच्या ओट्यावरून काकू म्हणाली, "वं माय! कोजागिरी व्हयनी नही आजून!"

"तिन्ही कोजागिरी मागलीच गयी," तू म्हणालीस. "उशीर व्हयना. लवकर कसानं?"

त्या पोरी गेल्या. ठिपके भिंतीवरून उतरले, अंगणातून गेले, नाल्यापलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी तू खाट उचलून गोठ्याच्या पडवीत नेलीस. संध्याकाळी खिरापत केली नाहीस. कोजागिरीच्या दिवशी काकूची मुलगी आली, पायरीवर थोडी थबकली आणि आत आली. पुढल्या वर्षी सगळ्याच आल्या. तुझी खिरापत पुन्हा अवघड झाली. तू पोरींना खिजवायचीस, त्या चिडायच्या, तू हसायचीस. आक्काचं नाव तू पुन्हा घेतलं नाहीस. मला वाटतं, तुझ्याकडून ती त्या पोरींबरोबर गेली. तू जगलीस तोवर मी वाट पाहिली की एखाद्या संध्याकाळी तुझी मान त्या कोपऱ्याकडे वळेल. वळली नाही. तू सुटलीस आणि मला ते बघत राहावं लागलं.

आता जे सांगायचं होतं ते. त्या दिवसांत तू रोज "तू गप" म्हणायचीस, आणि मला ओळखता येत नाही म्हणून मी गप बसते असं तुला वाटत असेल. मला रोज कळत होतं. घरात पाऊल टाकलं की तुझ्या हाताचा वास यायचा, मोहाचा, तिळांचा, गुळाचा. मी बोलले असते तर झाकण उघडलं असतं, आणि तिची पाळी संपली असती. मलाही ती हवी होती, माय. तू तिला ठेवून घेतलं होतंस असं गल्ली म्हणायची. तू एकटीनं नाही. आणि त्या धाकटीनं झाकण ओढलं तेव्हा मी जे ओरडले ते रिवाजासाठी नव्हतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही. उद्या वह्या तपासायच्या आहेत, त्यांच्यातून तो वेगळा ठेवला पाहिजे.

आज संध्याकाळी पहिल्यांदाच इथल्या पोरी माझ्या दारात आल्या. माझ्या वर्गातल्याच तीन-चार होत्या, बाईंच्या घरी आलो म्हणून आधी लाजल्या. मी आत जाऊन डब्यात दाणे-गूळ घातला, फडक्यात बांधून. बाहेर येऊन डबा हलवला. एकीनं लगेच सांगितलं, "दाणे-गूळ!" मी "नाही" म्हणाले. त्या विचार करू लागल्या, पुष्कळ काही म्हणाल्या, मी मान हलवत राहिले. शेवटी हरल्या. मी झाकण उघडलं तशी ती पोर म्हणाली, "बाई, मी पहिल्यांदाच सांगितलं होतं!" मला ऐकू आलं नाही, असं मी तिला सांगितलं. ऐकू आलं होतं.